मेंढ्या : निरंक

माघ संपत आला की आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून कडब्याचे ट्रॅक्टर जायला लागतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी हात-हातभर बाहेर आलेला कडबा कोपऱ्यावरच्या गुलमोहराला घासून जातो आणि मागं रस्त्यावर ज्वारीची वाळकी पानं पडून राहतात. त्यांना एक वास असतो, थोडा गोड, थोडा धुळीचा. मी फाटकाशी उभा राहून पेंढ्या मोजतो. सगळ्या मोजता येत नाहीत, म्हणून एका थरातल्या मोजायच्या आणि थरांनी गुणायचं. बायको आतून विचारते, किती भरल्या. मी सांगतो. ती म्हणते, बरं झालं, आता चहा घ्या. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या या सवयीला एवढाच मान दिला आहे, आणि तेवढाच योग्य आहे.

माझा हा मोजण्याचा स्वभाव मला एका काढणीच्या दिवसांत फार महाग पडला. महाग दुसऱ्याला पडला, मला फक्त कळलं, असं लिहिलं तर जास्त खरं होईल. तेव्हापासून कडब्याचा वास आला की मला चहा लगेच घ्यावासा वाटत नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि बारामतीतल्या एका स्वयंसेवी संस्थेत काम करत होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण ती आता नाही आणि तिच्या बाजूनं बोलायला कुणी उरलेलं नाही. गावाचंही लिहीत नाही. मोरगावच्या रस्त्याला एस.टी.तून उतरून पाऊण तास चाललं की ते यायचं, एवढं पुरे. गावाचा यात दोष इतकाच की त्यानं आम्हाला चहा पाजला आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली.

संस्थेत आम्ही नऊ माणसं होतो. संचालकांना सगळे काका म्हणत. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी हे काम सुरू केलं होतं. त्यांचा एक नियम होता. गावात पहिल्या दिवशी पेन खिशातून बाहेर काढायचं नाही. पारावर बसायचं, कुणाच्या विहिरीला पाणी किती आहे ते ऐकायचं, कुणाची सून नांदत नाही तेही ऐकायचं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. पेन तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मला हा वेळेचा अपव्यय वाटे, पण त्या बिनपेनाच्या दिवसांत जे कळायचं ते नंतर कधी लिहावं लागायचं नाही, इतकं ते पक्कं लक्षात राहायचं.

मग राज्य सरकारची योजना आली. जिरायती गावांत पाणी अडवायचं. उतारावर चर खणायचे, झाडं लावायची, ओढ्यावर छोटे बांध घालायचे. बदल्यात गावानं ग्रामसभेत ठराव करून दोन गोष्टी पाळायच्या. एक म्हणजे झाड तोडायचं नाही. दुसरी म्हणजे माळावर जनावर मोकळं सोडायचं नाही. या दुसऱ्या अटीला चराईबंदी म्हणत. गावाची पाहणी करणं, गावाला समजावणं आणि ठराव होईपर्यंत सोबत राहणं, हे काम सरकारनं आमच्यासारख्या संस्थांकडं सोपवलं.

यात वाईट काय होतं, असं मला कुणी विचारलं तर आजही पटकन सांगता येत नाही. सरकारकडं अधिकार होता आणि गावात जाऊन बसणारी माणसं नव्हती. आमच्याकडं माणसं होती आणि अधिकार नव्हता. दोघांनी हात मिळवावा हे सरळ होतं. काका त्या दिवशी पेढे घेऊन आले होते. दहा वर्षं आपण सरकारच्या दारात अर्ज घेऊन उभे राहिलो, आता सरकार आपल्याला आत बोलावतंय, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद खरा होता. आत गेल्यावर दाराकडं पाठ होते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

छापील प्रपत्रं आली. एका गावाला बावीस पानं. पाहणीची मुदत ठरलेली होती, त्यामुळे बिनपेनाचे दिवस गेले. मी एस.टी.तून उतरायचो तोच पेन हातात घेऊन.

ते दिवस ज्वारीच्या काढणीचे होते. पहाटे दव असतं तेव्हा ज्वारी उपटायला सोपी जाते, म्हणून बायका-माणसं दिवस उगवायच्या आत रानात असायची. तळहाताला चिंध्या बांधून ती ताटं मुळासकट उपटत, मुळांची माती पायावर झटकत आणि मागं आडवी टाकत जात. उपटण्याचा एक कचकन आवाज असतो. पंचवीस माणसं ओळीनं उपटायला लागली की तो पावसासारखा सलग होतो. मी बांधावर बसून प्रपत्रं भरायचो. माणसं काम न थांबवता उत्तरं द्यायची. कुटुंबात किती, रान किती, बैल किती. मध्येच कुणी हुरड्याचं उरलंसुरलं कणीस भाजून हातावर ठेवायचं. माझ्या त्या प्रपत्रांवर काळे, राखेचे ठसे होते आणि ते तसेच पुण्याच्या सरकारी कार्यालयात गेले.

लोकांना एवढं कळलं होतं की शेळ्यांवर गदा येणार. त्यामुळे शेळ्या लपायला लागल्या. कुणाची बहिणीकडं गेली, कुणाची गेल्या बाजारात विकली. मी त्यांचं तोंडी उत्तर लिहायचो नाही. गोठ्यात जाऊन खुंट्या मोजायचो, दावी मोजायचो, लेंड्या ताज्या का वाळलेल्या ते बघायचो. एका म्हाताऱ्या बाईनं दोन शेळ्या सांगितल्या आणि मी तिसरी खुंटी तिला दाखवली, तेव्हा ती ओशाळून हसली. सरपंच तात्या तिथंच उभे होते. गावाला हसवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. ते म्हणाले, "ह्या मास्तरापुढं काय लपवू नगा. लेंडी बघून शेळीचं सोयरं-धायरं सांगंल त्यो." सगळं रान हसलं. मीही हसलो. मला त्या थट्टेत माझं कौतुक ऐकू आलं होतं.

गावाच्या वरच्या अंगाला, माळाच्या पायथ्याशी, मेंढपाळांची एक लहान वस्ती होती. सहा घरं. त्यातल्या पाचांनी गेल्या पिढीतच मेंढरं सोडली होती. कुणी जमिनीचा तुकडा घेतला होता, कुणी बारामतीत हमालीला जात होतं. मेंढरं राहिली होती फक्त धुळाआबांकडं. मी गेलो तेव्हा धुळाआबांच्या दाराला बाहेरून कडी होती आणि ओट्यावर त्यांची आई उन्हाला बसली होती. ऐंशीच्या घरात असेल. बाकी कुटुंब दिवाळीनंतरच मेंढरं घेऊन कोकणात उतरलं होतं. दर वर्षी तसंच असे. तिकडं भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायची, खत द्यायचं, धान्य घ्यायचं, आणि मृगाच्या तोंडावर घाट चढून परत यायचं. पावसाळ्याचे चार महिने मेंढरं या माळावर असत.

हे सगळं म्हातारीनं मला सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तिला विचारलं, आज इथं मेंढरं किती?

"आज कुठली? येक बी न्हाय. मिरगाला येत्यात."

प्रपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना होती. पाहणीच्या दिवशी गावात प्रत्यक्ष आढळलेलं पशुधनच लिहावं. रकाना कोरा सोडू नये, नसल्यास 'निरंक' लिहावं. सरकारी लिहिण्यातला हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. शून्य लिहिलं तर पुढं-मागं कुणी आकडा जोडू शकतो, जागा मोकळी ठेवली तर कुणी भरू शकतो. निरंक म्हटलं की विषय मिटला. मी लिहिलं, मेंढ्या, निरंक.

म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण किती कमी लिहिलं ते दिसलं असावं. ती म्हणाली, "लेकरा, लिव की, मेंढरं हायती म्हनून. आमी काय मेलो न्हाय."

मी तिला शांतपणे समजावलं की, आजी, जे डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं असतं. ऐकीव लिहिलं तर ते खोटं होईल. पदरानं ओटा पुसून तिनं मला बसायला जागा केली. मला पुढच्या घरी जायचं होतं, मी बसलो नाही.

तिसरी खुंटी मला दिसली होती. एका बाईची एक शेळी मी पकडून कागदावर आणली होती. आणि एका अख्ख्या कुटुंबाचं जगणं माझ्या समोर तोंडानं सांगितलं जात असताना मी ते लिहिलं नाही. त्यात लबाडी काडीची नव्हती. लबाडी असती तर पुढं कधीतरी मला ती कबूल करून मोकळं होता आलं असतं.

ग्रामसभा चैत्रात झाली. खळी झाली होती, ज्वारी घरात आली होती, माणसं निवांत होती. तालुक्याचे साहेब जीपनं आले. काका बोलले, मी आकडे वाचून दाखवले. चराईबंदीचा विषय आला तेव्हा दोन-चार शेळीवाल्यांनी कुरकुर केली. बांधून खायला घालू, असं शेवटी ठरलं. वस्तीवरची माणसं मागं उभी होती, त्यातल्या एकानं धुळाआबांचं नाव घेतलं. तात्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडं बोट केलं आणि म्हणाले, "मेंढरं तर निरंक हायती. मग अडचन कुनाची?" पुन्हा हशा झाला. ठराव एकमतानं मंजूर झाला. ज्याचं मत वेगळं पडलं असतं तो माणूस त्या वेळी कोकणात कुणाच्या तरी खाचरात मेंढरं वळत होता.

साहेबांनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. इतकी नीटनेटकी पाहणी दुसऱ्या कुठल्याच संस्थेची आलेली नाही, असं ते काकांना म्हणाले. माझं नुकतंच लग्न झालं होतं. घरी जाऊन मी बायकोला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

पुढच्या दोन महिन्यांत काम झपाट्यानं झालं. माळावर चर पडले, चरांच्या कडेनं रोपांसाठी खड्डे झाले, गावानं एक राखणदार नेमला. आणि मृगाच्या आधी चार दिवस धुळाआबा मेंढरं घेऊन आले, तेव्हा राखणदारानं त्यांना माळाच्या पायथ्याशीच अडवलं.

मी तिथं नव्हतो. मला कळलं ते आठवड्यानं, जेव्हा ते स्वतः बारामतीला आमच्या कार्यालयात आले. उंच, वाळलेला माणूस, खांद्यावर घोंगडी, पन्नाशी ओलांडलेली. खुर्ची दिली तरी बसले नाहीत, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून उकिडवे बसले. भांडायला आले आहेत असं वाटलं म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी भांडण काढलंच नाही. त्यांनी विचारलं, मेंढरं कुठं न्यायची ते सांगा.

काकांनी योजना समजावली. पाणी वाढेल, गवत वाढेल. धुळाआबा ऐकत राहिले. मग त्यांनी माळाबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि मी आजवर माळाविषयी ऐकलेली ती सगळ्यात शहाणी माहिती होती. माळाचे त्यांच्या वडिलांनी चार भाग पाडले होते. एका भागात गेलेली मेंढरं तिथं पुन्हा दोन महिने जात नसत. कुसळी गवत कोवळं असतानाच खाल्लं पाहिजे, नाहीतर कुसळं मेंढराच्या कातड्यात घुसतात. खुरांनी बी दाबलं जातं, लेंडीनं उगवतं. तुमच्या रोपांचा भाग सोडा, ते म्हणाले, उरलेल्या तीन भागांत आम्ही फिरवून फिरवून चारतो, राखणदाराला सोबत घेऊन चारतो.

"आमच्याकडं बारा ईस मेंढरं हायती," ते म्हणाले. "खाली काळ्या रानात पावसाळ्याचं उभं ऱ्हात न्हाय मेंढरू. चिखलात खुरं सडत्यात. त्याला मुरूमच लागतो. आन् मुरूम म्हंजे त्यो माळ."

बारा वीस, दोनशे चाळीस. मी मनातल्या मनात गुणाकार केला. मग त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, "मास्तर, आई म्हनत व्हती तुमी घरी येऊन लिवून नेलं. मग आमाला वगळलं कसं?"

मी त्यांना पाहणीच्या दिवसाचा नियम सांगितला. तो सांगताना माझी मलाच लाज वाटली, आणि तरी मी तो पूर्ण सांगितला, कारण तो तसा होता.

त्या पावसाळ्यात मी एवढं केलं की तालुक्याच्या साहेबांकडं तीन वेळा गेलो. ते सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, मेंढपाळाचं म्हणणं मला पटतं, पण माझ्याकडं जे आलं ते तुमच्या संस्थेच्या सहीनं आलं. फरक करायचा तर संस्थेनं लिहून द्यावं की पहिली पाहणी चुकीची होती. मी काकांकडं आलो. काका म्हणाले, चुकीची नव्हती, त्या दिवशी मेंढरं नव्हतीच, मग चुकीची होती असं खोटं कसं लिहून देऊ? योजना सरकारची आहे, माळ सरकारी गायरान आहे, मोकळीक त्यांनी द्यावी. मी पुन्हा साहेबांकडं. सरकार म्हणे संस्थेला विचारा, संस्था म्हणे सरकारला विचारा. धुळाआबांना विचारायचं कुणाच्या यादीत नव्हतं. पूर्वी अशा वेळी आम्ही काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. आम्ही त्यांना घेऊन कचेरीच्या दारात बसलो असतो. आता आम्ही त्याच कचेरीचा एक कागद झालो होतो.

शेवटी मी काकांना म्हणालो, मी माझ्या नावानं लिहून देतो, पाहणी अपुरी होती आणि दोष माझा. काकांनी दार लावून घेतलं. इंदापूर तालुक्यातली सात गावं संस्थेकडं यायची होती, त्यांची यादी टेबलावर होती. सातही गावांत उन्हाळ्यात टँकर येत होता. आपली पहिलीच पाहणी खोटी ठरली तर ही गावं आपल्याला मिळणार नाहीत, आणि दुसरं कुणी तिकडं जाईल अशी खात्री नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी मला माझ्याच भाषेत विचारलं.

"तुला आकडे कळतात. तूच सांग. सात गावं की एक कळप?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी मुद्दाम लिहितो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की एक वाईट माणूस होता आणि एक चांगला. मी लिहून दिलं नाही. सात मोठे की एक, यात मला हिशोब दिसला आणि मी हिशोबाच्या बाजूला बसून राहिलो.

धुळाआबांनी मेंढरं आधी कन्हेरीच्या बाजूच्या पडीक रानांत नेली. तिथं आठ-दहा दिवस निघाले. मग पिंपळीकडून कालव्याच्या कडेकडेनं ते खाली इंदापूरच्या अंगाला सरकत गेले. तिकडं दोन्ही हातांना ऊस आणि पायाखाली काळी माती. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. सगळा मुलूख खूश होता. श्रावणात मी सात गावांच्या पाहणीला निघालो होतो, तेव्हा कालव्याच्या भरावावर मला तो कळप दिसला. मी गाडीतून उतरलो. मेंढरं पुढच्या गुडघ्यांवर टेकून चरत होती. मला आधी वाटलं, ही त्यांची चरायची काही रीत असेल. जवळ गेल्यावर खुरांचा वास आला. धुळाआबांची सून एकेक मेंढरू आडवं पाडून खुरात हळद आणि तेल भरत होती. ती तरणी बाई मान वर न करता मला म्हणाली की, भाऊजी, हिकडं कडंला उभं ऱ्हावा, चिखल हाय. एवढंच बोलली. त्यात रागही नव्हता. मी पायातल्या बुटांसकट कडेला उभा राहिलो.

दसऱ्यापर्यंत कळप निम्म्यावर आला. उरलेली मेंढरं त्यांनी फलटणच्या बाजूच्या एका नातेवाइकाला देऊन टाकली. त्या दिवाळीनंतर त्या घरातलं कुणी घाट उतरून कोकणात गेलं नाही.

आता खरं सगळंच लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे. माळावर बंदी चांगली पाळली गेली. दुसऱ्या वर्षी गवत गुडघ्याला लागलं. ज्या विहिरी माघात तळ दाखवत त्यांना चैत्रापर्यंत पाणी राहिलं, हे मी दोरी सोडून स्वतः मोजलेलं आहे. इंदापूरच्या सातपैकी पाच गावांचा टँकर बंद झाला. लांबून साहेब लोक माळ बघायला यायचे, आणि तात्या त्यांना सगळ्यात वरच्या चरावर उभं करून हात फिरवून दाखवायचे. मी त्या गवताकडं पाहायचो आणि मला त्याचा अभिमानही वाटायचा. एकाच माणसाला एकाच गवताचा अभिमान आणि लाज वाटू शकते, याला कुठल्या रकान्यात घालायचं, हे मला कधी समजलं नाही. शिवाय ते गवत कापून नेत होते ते गाई-म्हशीवाले, म्हणजे ज्यांच्याकडं रान होतं ते. वस्तीवरच्या एकाही घरात त्याची पेंढी गेली नाही. हेही मी मोजलं होतं. ते कुणी विचारलं नव्हतं.

दोन वर्षांनी मी संस्था सोडली आणि एका दूध डेअरीत लागलो. तिथंच मी आजही आहे. फॅट लागतो तेवढा लिहितो. दशक संपायच्या सुमाराला योजनेची मुदत संपली. सरकारनं दुसरी योजना दुसऱ्या नावानं आणली, ती दुसऱ्या संस्थांना दिली, आणि आमची संस्था हळूहळू बंद पडली. सरकारशिवाय काम कसं करायचं ते ती तोवर विसरून गेली होती. काका शेवटी घरी असत. मला भेटले की इकडचं तिकडचं बोलत.

त्यानंतरच्या काढणीच्या दिवसांत, असाच कडबा रस्त्यावरून जात असताना, मी एका सकाळी टेबलाशी बसून ते पत्र लिहिलं. चार-पाच वर्षं उशिरा. मी अमुक गावाची पाहणी केली, त्या वेळी मेंढपाळ कुटुंब हंगामी स्थलांतरावर होतं, हे मला घरच्या माणसानं सांगितलं असतानाही मी नोंद केली नाही, त्यांच्याकडं दोनशे चाळीस मेंढ्या होत्या, सबब सदर पाहणी अपुरी समजावी. एक प्रत सरकारी कार्यालयाला, एक संस्थेच्या जुन्या पत्त्यावर. संस्थेची प्रत पोस्टमननं परत आणली. कार्यालयाचं उत्तर महिन्याभरात आलं. सदर योजनेची मुदत संपलेली असल्यानं आपण संबंधित संस्थेशी संपर्क साधावा.

दोन्ही कागद घेऊन मी इंदापूरच्या गाडीत बसलो. धुळाआबा तिकडंच राहिले होते, एका बागायतदाराच्या रानात राखणीला. म्हातारी आई तिकडंच गेली होती. मुलगा कारखान्याच्या हंगामात ट्रॅक्टर चालवायचा. उसाच्या फडाच्या टोकाला पत्र्याची खोली होती. दुपार होती. फड नुकताच तुटला होता आणि चहूकडं पाचट पसरलं होतं. धुळाआबा खूप वाकले होते. मला त्यांनी ओळखलं. सुनेनं पाणी दिलं, मग चहा ठेवला. मी का आलो ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, वाचा.

मी पत्र वाचलं. सरकारी मराठी होतं, म्हणून मध्ये मध्ये थांबून साध्या बोलीत सांगत गेलो. माझी चूक कुठं होती ते वाक्य आलं तेव्हा ते मी दोनदा वाचलं. सून चुलीपुढची उठून दारात येऊन उभी राहिली. मी उत्तरही वाचलं. त्यांनी मध्ये एकदाही मान हलवली नाही.

मग त्यांनी विचारलं, "मेंढरं किती लिवली म्हनला?"

"दोनशे चाळीस. बारा वीस."

"चुकलं," धुळाआबा म्हणाले. "बारा ईस आन् तीन. घाट चढताना तीन पिल्लं झाली व्हती."

मी म्हणालो, आबा, त्या दिवशी कार्यालयात तुम्ही बारा वीस सांगितली होती.

"मोठी सांगितली व्हती. पिल्लांचं तुमी कुटं इचारलं?"

सुनेनं दारातूनच सांगितलं की दोन माद्या होत्या आणि एक नर, नराच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, आणि तो घाटाच्या वळणावर ऐन वाटेत झाला म्हणून सासूबाईंनी, म्हणजे धुळाआबांच्या बायकोनं, त्याला पदरात घालून वर आणला. धुळाआबांनी हात वर केला. पांढरा ठिपका मादीला होता, ते म्हणाले. नर निव्वळ काळा होता. दोघांचं त्यावर जुंपलं. आतून म्हातारीचा आवाज आला, तिला अजून ऐकू येत होतं. तिच्या मते ठिपका दोघांनाही होता. चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही. मी खिशातून पेन काढून पत्र मांडीवर घेतलं आणि कोणाचं खरं ठरतंय त्याची वाट बघत बसलो.